राहून गेलेला धडा



टेंभी नाक्यावरून चालत येताना शाळेचे दिवस आठवले. पण माझ्या पाच मिनिटांत मी तेव्हा राहून गेलेला एक धडा सांगणार आहे.

पचनसंस्थेची आकृती काढताना स्वादुपिंड आपण उरलेल्या जागेत कसंबसं कोंबायचो. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या रिपोर्टवर तो शब्द वाचला: स्वादुपिंडाचा कॅन्सर.

साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा असतो. तो पाचक रस बनवतो आणि इन्सुलिनही. पित्तनलिका त्याच्या डोक्यातून जाते. तिथे गाठ झाली की पित्त अडतं आणि कावीळ होते, बरेचदा न दुखता.

बाबांचं वजन उतरलं. आम्ही म्हटलं, चालण्याचा गुण. साखर अचानक वाढली. गोड बंद केलं. पाठ दुखायला लागली, गादी बदलली. डोळे पिवळे झाले, तेव्हाही आठवडाभर काढा आणि पथ्य. सीटी स्कॅन झालं तोवर शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. पाच महिन्यांत बाबा गेले.

माझ्या कामात एरर एकीकडे दिसतो आणि चूक दुसऱ्याच फाईलमध्ये असते. हे रोज बघणाऱ्या मला घरातल्या चार तक्रारी एकत्र जोडता आल्या नाहीत.

मनोहर पर्रीकर, पवईच्या आयआयटीतले इंजिनिअर. त्यांनाही हाच आजार होता. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी गोव्याचा अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला ते गेले. अमेरिकेत आणि दिल्लीच्या एम्समध्ये उपचार होऊनही.

सगळ्यांनी दरवर्षी करावी अशी या आजाराची तपासणी अजून नाही. पोटातल्या वायूमुळे सोनोग्राफीतही स्वादुपिंड कधीकधी नीट दिसत नाही. म्हणून लक्षणं ओळखणं महत्त्वाचं. न दुखणारी कावीळ, विनाकारण उतरणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक आलेला मधुमेह, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी. दरवेळी कॅन्सरच असेल असं नाही, पण डॉक्टरांना या सगळ्या गोष्टी एकदम सांगा. आणि तंबाखू, सिगारेट सोडा. त्यांनी हा धोका वाढतो.

आपण पंचेचाळिशीत आलो, आईवडील पंचाहत्तरीत. आज घरी गेल्यावर त्यांच्याकडे जरा नीट बघा. एवढंच सांगायचं होतं.