विवाहित स्त्रीचे मनःस्वास्थ्य



मुलगी उदास राहू लागली की तिचे लग्न करून द्यावे, आणि सासरी ती अबोल झाली की मूल झाल्यावर रमेल असे म्हणावे, ही आपल्या समाजातील जुनी रीत आहे. या समजुतीची पारख शास्त्रीय अभ्यासाच्या आधारे करणे अगत्याचे आहे.

जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. संकट कोसळल्यावर कोणती स्त्री नैराश्याने खचते आणि कोणती तग धरते, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. जिला पतीजवळ मन मोकळे करता येत होते, तिला मोठे संरक्षण लाभत असल्याचे त्यांना आढळले. असा आधार नसणे, पदरी तीन किंवा अधिक लहान मुले असणे, बालपणीच आईचे छत्र हरपणे आणि घराबाहेर काम नसणे, या गोष्टींनी धोका वाढत होता.

लंडन दूरचे वाटेल, परंतु गोवा शेजारीच आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मातांविषयी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे दिसले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती. अपत्य मुलगा की मुलगी, याचाही परिणाम मातेच्या मनावर होत होता.

हा आजार सहजी ओळखू येत नाही. "मन उदास आहे" असे स्त्री क्वचितच म्हणते. अंगदुखी, थकवा, निद्रानाश, अंगावरून पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन ती दवाखान्यात येते आणि टॉनिकची बाटली घेऊन परतते. घरची मंडळी तिला कामचुकार ठरवितात. दुर्लक्ष झाल्यास प्रसंगी हे जिवावर बेतते. वास्तविक, समुपदेशनाने आणि आवश्यक तेथे औषधोपचाराने नैराश्य बरे होऊ शकते.

यात गावपातळीवर बरेच करता येईल. आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी बाळाचे वजन घेताना आईचीही विचारपूस करावी. झोप लागते का, जेवण जाते का, मनातले कोणाजवळ बोलता येते का, हे पती व सासू समोर नसताना विचारावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

पंचायत सदस्यांनी पत्नीस होणारी मारहाण 'घरची बाब' म्हणून सोडून देऊ नये. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा २००५ साली संमत झाला असून त्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. शिक्षकांनी पालकसभेत पित्यांनाही आवर्जून बोलवावे. पत्नीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्यास पैसा लागत नाही. तिच्या आरोग्यास मात्र त्याचे मोल फार मोठे आहे.