समुद्राने सोडलेलें शहर

'यवन' शब्दाचा अर्थ मुसलमान असा मीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितला. पुढें एकदां कार्ल्याचें लेणें पाहावयास गेलों. तेथील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनीं ते खांब दान दिल्याचे लेख आहेत, आणि ते इस्लामच्या उदयापूर्वीं कित्येक शतकें कोरलेले! माझी चूक तेव्हां माझ्या पदरांत पडली. हा शब्द मूळचा आयोनियाचा. इराणी लोक तेथील ग्रीकांना 'यौन' म्हणत. आपल्याकडे त्याचाच 'यवन' झाला.

आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याचा मधला भाग. एफेसस, प्रिएनी, मायलेटस हीं तेथील ग्रीकांचीं नगरें. त्यांत मायलेटसची थोरवी विशेष. त्याला चार बंदरें होतीं. काळ्या समुद्राच्या कांठीं सिनोपी, ओल्बिया अशा अनेक वसाहती त्यानें वसविल्या. सृष्टीचें मूळ तत्त्व पाणी आहे असें म्हणणारा थेलीस येथलाच. बंदरावर वाढलेल्या माणसाला असें वाटावें यांत नवल नाहीं.

इ. स. पू. ४९९ मध्यें या नगरांनीं इराणी सत्तेविरुद्ध बंड केलें. पांच वर्षांनीं, इ. स. पू. ४९४ मध्यें, मायलेटससमोरच्या लाडे बेटापाशीं आरमारी लढाई झाली. हेरोडोटस ग्रीकांचीं जहाजें ३५३ व शत्रूचीं ६०० सांगतो. ऐन वेळीं सेमॉसच्या साठांपैकीं एकोणपन्नास जहाजांनीं शिडें उभारून घरचा रस्ता धरला. त्यांचें पाहून इतरहि पळाले. शहर पडलें, बहुतेक पुरुष मारले गेले, बायकामुलें गुलाम झालीं. फ्रिनिकस नांवाच्या कवीनें या प्रसंगावर अथेन्समध्यें नाटक केलें, तेव्हां सारें प्रेक्षागृह रडूं लागलें. अथेन्सकरांनीं मात्र आपल्याच दुःखाची आठवण करून दिली म्हणून कवीला एक हजार द्राख्मा दंड केला व तें नाटक पुन्हां कोणीं करूं नये अशी बंदी घातली. अश्रू खरे होते, आणि दंडहि खरा होता. या दोहोंचा मेळ मला अजून घालतां आलेला नाहीं.

शहर पुन्हां सरळ, काटकोनी रस्त्यांचें बांधलें गेलें व रोमन काळांत चांगलें भरभराटलें. त्याला संपविलें तें शेजारच्या मिएंडर नदीनें. वळणें घेत वाहण्याबद्दल ही नदी इतकी प्रसिद्ध कीं, इंग्रजींत नागमोडी प्रवाहाला तिचेंच नांव पडलें. तिच्या गाळानें बंदरें भरलीं, आखात बुजलें. त्याचा उरलेला तुकडा म्हणजे आजचें बाफा सरोवर. १८९९ मध्यें जर्मनांनीं तेथें उत्खनन सुरू केलें. बाजाराची भव्य वेस त्यांनीं बर्लिनला नेली. सुमारें पंधरा हजार माणसें बसतील असें दगडी नाट्यगृह मात्र जागेवरच आहे. त्याच्या पायऱ्यांवरून आज समुद्र दिसत नाहीं. तो पांच-सहा मैल मागें गेला आहे. लाडे बेट आतां मैदानांतली एक टेकडी असून तिच्या भोंवतीं शेतें आहेत.