थॉमस कप जिंकला, पण दुसरी जोडी कुठे आहे?

आज बोलूया थॉमस कपबद्दल.

१५ मे २०२२, बँकॉक. समोर १४ वेळा कप जिंकलेला इंडोनेशिया आणि आपण ३-० ने जिंकलो. तोवर आपली मजल उपांत्य फेरीपर्यंतच, तीही शेवटची १९७९ साली! म्हणजे ४३ वर्षं मध्ये गेली.

या स्पर्धेत एका लढतीत पाच सामने असतात, तीन एकेरी आणि दोन दुहेरी. आपल्याकडे एकेरीवाले पूर्वीपासून होते. आपले सांगलीचे नंदू नाटेकर घ्या, १९५६ मध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. नंतर प्रकाश पदुकोण, गोपीचंद. पण एकटा माणूस पाचातला एकच एकेरी सामना जिंकून देणार ना? बाकीचे कोण जिंकणार?

२०२२ मध्ये ते उत्तर मिळालं सात्त्विकसाईराज आणि आपला मुंबईकर चिराग शेट्टी यांच्यात. अंतिम लढतीत पहिला गेम गेला, दुसरा २३-२१, तिसरा २१-१९. माझ्या मते कप तिथेच आला. श्रीकांतने नंतर जोनाथन क्रिस्टीला हरवून शिक्का मारला, एवढंच.

आता जरा कडू बोलतो. त्याच स्पर्धेत मलेशिया आणि डेन्मार्कविरुद्ध आपली दुसरी जोडी हरली होती. दोन्ही वेळा २-२ वरून प्रणॉयने वाचवलं. डेन्मार्कविरुद्ध तर पाय घसरून पडला, घोटा दुखावला, तरी पठ्ठ्या जिंकला. अहो, दरवेळी असा प्रणॉय कुठून आणायचा?

आणि झालंही तसंच. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सांघिक अंतिम लढत, चीनविरुद्ध आपण २-० पुढे. पण प्रणॉय पाठीच्या दुखण्याने बाहेर. उरलेले तिन्ही सामने गेले, त्यात दुसरी दुहेरीही. रौप्यपदक मिळालं, तेही ऐतिहासिकच म्हणा, पण मला ते अजून सलतं.

मुलींचं चित्र वेगळं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आशियाई सांघिक स्पर्धेत थायलंडविरुद्ध २-२ असताना निर्णायक सामना कुणी जिंकला? १७ वर्षांच्या अनमोल खरबने! सिंधू संघात होती, पण शेवटचा भार या पोरीवर होता आणि तिने तो पेलला.

पुरुषांच्या दुसऱ्या जोडीसाठी तुमच्या डोळ्यांसमोर कोणती नावं आहेत? जरूर कळवा, पुढच्या भागात त्यांच्यावरच बोलू.