रस्त्यावरची मोटार, शर्यतीच्या मार्गावर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संतवाङ्मय, नाटक आणि संगीत यांवरील व्याख्यानांनंतर आम्ही मोटारीवर बोलावे, ही सूचना मंडळातील तरुण सभासदांची. त्यांच्या पालकांनी ती मान्य केली, पण कपाळाला आठ्या घालूनच. दोन्ही पिढ्यांच्या मनात प्रश्न मात्र एकच आहे : रोजच्या वापराची गाडी घेऊन हौशी माणसाने शर्यतीत उतरावे काय? आमचे उत्तर असे की, अवश्य उतरावे. परंतु ज्याला गाडी सांभाळण्याचा कंटाळा नाही, त्यानेच.

या हौसेला इंग्लंडात मोठा इतिहास आहे. युद्धोत्तर काळात तेथे पैशाची चणचण होती. अशा दिवसांत, १९४८ साली, कॉलिन चॅपमन या तरुणाने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या आधारे आपली पहिली गाडी बांधली. पुढे त्याच्याच लोटस कंपनीने १९५७ साली 'लोटस सेव्हन' आणली. वजन जेमतेम ५०० किलो. दारे नाहीत, चैनीची वस्तू नाही. सुटे भाग विकत घेऊन गाडी घरी जोडली की खरेदीकर वाचे. जोडणीच्या सूचना सोबत देण्यास मनाई होती, म्हणून गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देत आणि गिऱ्हाईक त्या शेवटापासून वाचीत असे, असे सांगतात. आम्हां सरकारी नोकरांना या युक्तीचे विशेष कौतुक वाटते! हीच गाडी आठवडाभर कामाला जाई आणि रविवारी शर्यतीला. १९८९ साली जपानच्या माझदा कंपनीने एमएक्स-५ ही दोन आसनांची गाडी आणली, तीही याच वळणाची : १६०० सीसीचे इंजिन आणि एक टनाच्या आतले वजन. अमेरिकेतील हौशी शर्यतींत केवळ याच गाडीसाठी एक स्वतंत्र वर्ग आहे.

हलकेपणाला एवढे महत्त्व का? हलकी गाडी लवकर वेग घेते हे खरे. पण ती लवकर थांबते, वळणावर टायरांना कमी ताण देते आणि ब्रेक कमी तापविते, हे अधिक मोलाचे.

नवशिका माणूस पहिला पैसा इंजिनावर खर्च करतो. जाणकार तो ब्रेकवर खर्च करतो. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगची गतिज ऊर्जा चौपट होते आणि थांबताना त्या ऊर्जेची बहुतांश उष्णता ब्रेकलाच सोसावी लागते. आता ब्रेक ऑइलचा स्वभाव पाहा. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पायाखालचे पेडल थेट तळाला जाते. रस्त्यावर वर्षानुवर्षे लपून राहणारा हा दोष ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत उघडा पडतो, तोही भर वेगात. काही शे रुपयांचे ताजे ब्रेक ऑइल हा शर्यतीतला सर्वांत स्वस्त विमा होय.

रस्त्याची आणि ट्रॅकची मागणी परस्परविरुद्ध असते, ही या छंदातील खरी गोम. शर्यतीचे ब्रेक पॅड उष्णता सोसतात, पण थंड असताना नीट धरत नाहीत. सोमवारी सकाळी पहिल्याच सिग्नलला त्यांचा भरवसा नसतो. चाके वरून आत झुकवली तर वळणावर पकड वाढते, पण रोजच्या वापरात टायरची आतली कड झिजते. स्प्रिंगा कडक केल्या तर गाडी कमी कलते, पण खड्ड्यांतून जाताना पाठ बोलू लागते. म्हणून अशी गाडी बांधणे म्हणजे कोठे थांबावे हे ठरविणे.

बांधणीनंतर सुरू होते ती देखभाल. इंजिन ऑइलची पातळी वरच्या खुणेपाशी हवी, कारण लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकते. टायरमधली हवा तापल्यावर वाढते, म्हणून फेऱ्या मारून आल्यावर पुन्हा मोजावी. चाकांचे नट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने ठरल्या मापाने आवळावेत. घरी परतण्यापूर्वी पॅडची जाडी, टायर आणि गळती पाहावी. आणि हे सारे तारखेनिशी एका वहीत लिहावे. फायलींची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे अवघड जाऊ नये.

आता आपल्या देशाकडे वळू. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ सालची. शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होत आणि फियाट, हेराल्ड यांसारख्या रस्त्यावरच्याच गाड्या सज्ज करून तेथे पळविल्या जात. १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे ३.७ किलोमीटरचा कायमचा ट्रॅक झाला.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार नोंदणीकृत गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. तरुणांना हे जाचक वाटते. परंतु ब्रेक ऑइल, योग्य प्रतीचे पॅड, मान्य मापाचे चांगले टायर, अलाइनमेंट यांच्या आड कायदा येत नाही, आणि हौशी माणसाला खरा उपयोग याच गोष्टींचा होतो. खासगी गाडीच्या विम्यात आयोजित शर्यत समाविष्ट नसते, हेही पॉलिसी उघडून वाचावे.

पालकांना शेवटी एकच विनंती. मुलाच्या अंगातील वेग आपल्या नकाराने नाहीसा होत नाही. तो रात्री ईस्ट कोस्ट रोडवर वाट शोधतो. तेथे समोरून दुधाची गाडी येते, सायकलस्वार येतो. सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. पण कायद्याहून मोठा प्रश्न त्या सायकलस्वाराच्या जिवाचा आहे. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, डोक्यावर हेल्मेट असते, झेंडा घेतलेला माणूस धोक्याची सूचना देतो आणि रुग्णवाहिका उभी असते. मुलाला तेथे जाऊ द्यावे. मात्र प्रथम त्याच्याकडे ती वही मागावी. जो तरुण महिनोन्महिने न चुकता वही लिहितो, त्याच्या हाती किल्ली देण्यास भिण्याचे कारण नाही.

उभारणीचा उत्साह पुष्कळांना असतो. नट आवळीत राहणारे थोडे. आपले मंडळ अशा थोड्यांच्याच बळावर पन्नास वर्षे चालले आहे. त्यांना आमचे वंदन.