न्यायाची सुरुवात आपल्या घरापासून



आज तुम्ही पदवी घेत आहात, उद्यापासून मंडळ्या तुमच्या हाती येतील. कुठे महापूर येईल, कुठे युद्ध पेटेल, आणि रविवारची उपासना संपली की कोणीतरी तुम्हाला दारातच गाठेल. "हा त्या लोकांवर देवाचा कोपच ना?" या प्रश्नाचे उत्तर संदेष्टा आमोस याच्याकडून शिकून घ्या.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला हा तकोवाचा माणूस मेंढरे राखायचा, उंबराची निगा करायचा. पदवी त्याच्यापाशी नव्हती. त्याने सुरुवात केली शेजाऱ्यांपासून. दिमिष्काने गिलादावर लोखंडी औते फिरवली. गज्जाने वस्त्याच्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या. मवाबाने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केला. या आरोपापाशी जरा थांबा. करणारे परके, ज्यांच्यावर गुदरले तेही परके. इस्राएलाचा काडीचा संबंध नाही. तरी परमेश्वराने फिर्याद दाखल करून घेतली. त्याचे न्यायासन कोणा एका समाजाच्या मालकीचे नाही.

ऐकणाऱ्या इस्राएलांनी इथवर माना डोलावल्या असतील. मग यहूदाचे नाव आले आणि पाठोपाठ त्यांचे स्वतःचे. त्यांच्यावरचे आरोप रणांगणावरचे नव्हते, रोजच्या व्यवहारातले होते. पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकणे, शब्बाथ कधी संपतो आणि धान्य कधी विकतो याची घाई, खोटा तराजू, गव्हाच्या नावाखाली भूस. मापात पाप आणि ओठांवर स्तोत्रे! देवाशी जवळीक होती म्हणून सूट मिळाली नाही, उलट जाब अधिक कडक झाला. बेथेलचा याजक अमस्या यावर एवढेच म्हणाला की हे राजाचे पवित्रस्थान आहे, तू इथून चालता हो.

हाच जाब ऑक्टोबर १९४५मध्ये जर्मनीतल्या मंडळ्यांपुढे आला. शहरांचे ढिगारे झाले होते आणि सगळा दोष नाझींवर ढकलणे सोपे होते. स्टुटगार्टला जमलेल्या प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी परदेशी मंडळ्यांच्या प्रतिनिधींसमोर आपली दोषकबुली मांडली. सही करणाऱ्यांत मार्टिन निमोलर होते. हिटलरच्या छळछावण्यांत सात वर्षे काढलेल्या या माणसाला हात झटकता आले असते, तरी त्यांनी स्वतःला दोषींत धरले. अनेक देशबांधव संतापले. पण ती कबुलीही अपुरीच होती, कारण ज्यूंच्या संहाराचा तिच्यात नावाने उल्लेख नाही. पश्चात्तापही मोघम असू शकतो, हे विसरू नका.

मग दारातल्या त्या माणसाला काय सांगाल? शिलोआमाचा बुरूज कोसळून अठरा जण दगावले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते असे मानायला येशूने नकार दिला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितले. अमुक पूर अमक्याच्या पापामुळे, असा निकाल देण्याचा अधिकार तुम्हालाही नाही. त्याला उलट विचारा, पूरग्रस्तांसाठी आपली मंडळी काय करते आहे? पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले.

देशाच्या अन्यायावर जरूर बोला, गप्प राहू नका. पण त्याआधी मंडळीची हिशेबवही उघडा. मिशनच्या शाळेतल्या शिपायाला पगार वेळेवर मिळतो का, ते पाहा. लग्न जुळवताना आपल्यात हळूच विचारली जाणारी जात उघड्यावर आणा. हे केलेत की तुमच्या तोंडच्या न्यायाच्या शब्दाला वजन येईल.

अमस्या तुम्हालाही भेटेल, कधी सत्तेच्या दारात, कधी आपल्याच पंचकमिटीत. त्याच्यापुढे खरे बोलण्याचे धैर्य आणि त्याआधी स्वतः खरे वागण्याची कृपा प्रभू तुम्हाला देवो. आमेन.