शेजारच्या घरची प्रार्थना
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, बुद्धविहारात ख्रिस्ती प्रार्थना कशाला? सांगतो.

महाड-पोलादपूरच्या आम्हा लोकांची निम्मी हयात मुंबईत गेली. तिथल्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस असतो. सांजवेळी ख्रिस्ती शेजारी मुलाबाळांसकट जपमाळ म्हणत. जेवणाआधी आभाराचे दोन शब्द. कामावरून दमून आलेला माणूसही ते चुकवत नसे. आम्ही मनात हसायचो, की देवाकडे मागणं चाललंय! बाबासाहेबांनी आम्हांला मागण्याच्या प्रार्थनेतून बाहेर काढलं, त्यात तडजोड नाही. पण प्रार्थना म्हणजे नुसतं मागणं, हा आमचा समज अपुरा निघाला.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी जेझुइट संघाला एक नेम घालून दिला. दुपारी आणि रात्री थांबायचं, दिवस तासातासानं आठवायचा. आभार कशाचे, चूक कुठं, उद्या सुधारायचं काय. ही स्वतःचीच झडती झाली!

त्याच संघातले फादर अँथनी डिमेलो. जन्म मुंबईचा, 1931 चा. ते बौद्ध ध्यानशिबिरात बसले. दिवसाचे चौदा-चौदा तास नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहत राहिले. पुढे 1978 च्या ‘साधना’ या पुस्तकात त्यांनी ख्रिस्ती वाचकांना सांगितलं, आधी शरीर जाणा, कानावरचे आवाज ऐका, श्वास पाहा. प्रार्थना तिथून सुरू होते. लोणावळ्याला त्यांनी हेच शिकवलं. 1987 मध्ये ते वारले. 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांना हरकत घेतली. तरी त्यांची पुस्तकं आजही वाचली जातात.

म्हणजे बघा, आनापान आपल्या घरचं. शेजाऱ्यानं ते आदरानं नेलं आणि रोजच्या वापरात आणलं. आपण मात्र ते बुद्धपौर्णिमेपुरतं ठेवलं. हायवेवरून जाताना गांधारपाल्याची लेणी दिसतात. तिथल्या खोल्यांत दगडी ओटे आहेत. आम्ही पाहुण्यांना ती दाखवतो. घरी मात्र पाच मिनिटं स्वस्थ बसत नाही.

22 जुलै 2021 आठवा. तळियेवर दरड कोसळली. पोलादपुरात केवनाळे, साखर सुतारवाडी. आम्ही मदतीला गेलो, तांदूळ, चादरी वाटल्या. पण ज्याचं घरदार गेलं त्याच्याजवळ गप्प बसून त्याचं ऐकणं आम्हांला जमेना. दोन मिनिटांत उठावंसं वाटे. त्रिसरण-पंचशील तोंडपाठ, पण मन थाऱ्यावर नाही! कोणत्याही प्रार्थनेनं डोंगर थांबत नाही. पण दुःखापाशी बसायचं बळ सरावानंच येतं, आणि तो सराव बऱ्या दिवसांत करावा लागतो.

म्हणून एवढंच मागणं, तेही देवाकडे नव्हे, तुमच्याकडे! एस.टी.ची वाट पाहताना दहा श्वास पाहा. भाकरी मोडण्याआधी ती पिकवणाऱ्याला, थापणारीला आठवा. रात्री दिवा मालवण्यापूर्वी विचारा, आज आपल्या बोलण्यानं कोण दुखावलं? सकाळी त्याच्या दारात जा. शेजारी न चुकता बसतात. आपणही बसू या.

जय भीम! नमो बुद्धाय!