शिक्षकाचा शीण : मोजावा कसा?

विद्यार्थ्याची प्रगती दाखविणारे प्रगतिपुस्तक प्रत्येक शाळेत असते. शिकविणाऱ्याच्या मनाला आलेला शीण मोजण्याचे साधन मात्र फार उशिरा सिद्ध झाले. १९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी सेवाकार्यात गढलेल्या माणसांच्या या अवस्थेवर लेख लिहिला व तिला ‘बर्नआउट’ म्हटले. तेल सरले म्हणजे दिव्याची वात करपू लागते, तसाच हा प्रकार.

पुढे १९८१ मध्ये अमेरिकेतील क्रिस्टिना मास्लाक व सुझन जॅक्सन यांनी २२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये शिक्षकांसाठी तिचे स्वतंत्र रूप निघाले. विधानातील अनुभव किती वेळा येतो, हे शिक्षकाने अंकाने सांगावयाचे. ‘कधीच नाही’ला ०, ‘रोज’ला ६. यांतील ९ विधाने भावनिक थकव्याची, ५ विद्यार्थ्यांविषयी येणाऱ्या कोरडेपणाची आणि ८ कृतार्थतेची आहेत.

या तिन्हींची बेरीज करावयाची नसते, हेच तिचे मर्म. एखादा शिक्षक शाळेची पायरी चढतानाच गळून गेलेला असतो, परंतु मुलांवरील त्याची माया आटलेली नसते. दुसरा फारसा थकलेला नसतो, पण मुले त्याच्या लेखी हजेरीपटावरील आकडे होऊन बसलेली असतात. दोघांना एकाच मापाने मोजले, तर दोघांवरही अन्याय होतो.

उत्तरे शिक्षकाने स्वतःच द्यावयाची असतात. नावानिशी भरलेला कागद वरिष्ठांच्या टेबलावर जाणार असेल, तर कोण खरे लिहील? म्हणून गुप्ततेची हमी हवी. शिवाय अमुक गुणांच्या पलीकडे गेला तो आजारी, असा शिक्काही मारता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये या अवस्थेला रोग न मानता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम मानले आहे.

तेव्हा हे माप शिक्षकाइतकेच त्याच्या कामाचेही आहे. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज अन्य शिक्षणेतर कामांना शिक्षकास जुंपण्यास मनाई केली आहे. थकव्याचे अंक वाढलेले दिसताच शिक्षकाला धीराचे चार शब्द ऐकवून भागणार नाही. त्याच्या वर्गात मुले किती, तपासावयाच्या वह्या किती आणि शिकविण्याबाहेरची कामे किती, हेही त्याच कागदाशेजारी मांडले पाहिजे. नाही तर प्रश्नावली भरणे हे त्याच्या डोक्यावरचे आणखी एक काम होऊन बसेल.